पुढाऱ्यांची पत्रे लिलावात : किंमत सहीची की मजकुराची?

जुनी नाणी आणि पोस्टाची तिकिटे यांचा व्यापार आपल्या लोकांना नवा नाही. त्याच बाजारात राजकीय पुढाऱ्यांची सही असलेली पत्रेही विकली जातात. थोडेफार भांडवल हाताशी असलेल्या वाचकांनी त्यात पैसे घालण्यापूर्वी हा व्यवहार कसा चालतो ते समजून घ्यावे, म्हणून हा लेख. उदाहरणे आम्ही मुख्यतः गांधीजींच्या पत्रांची घेतली आहेत, कारण ती देशात व परदेशात लिलावास येत राहिली आहेत आणि त्यांविषयीची माहिती तपासून पाहता येते.

सही म्हणजेच किंमत, ही नवख्या खरेदीदाराची पहिली समजूत असते. ती चुकीची आहे. गांधीजी हरिजन फंडासाठी पाच रुपये घेऊन सही देत असत. म्हणजे नुसत्या सहीचे कागद त्यांच्या हयातीतच गावोगाव पसरले. उलट जोहान्सबर्गचे वास्तुविशारद हर्मन कॅलनबाख यांना लिहिलेल्या पत्रांत ते स्वतःला ‘अपर हाऊस’ आणि कॅलनबाख यांना ‘लोअर हाऊस’ म्हणत. तेथे ‘गांधी’ हे नाव शोधणाऱ्याची फसगतच व्हायची. १९१० साली टॉल्स्टॉय फार्मसाठी जमीन देणारे ते हेच कॅलनबाख. त्यांच्या घराण्याकडील पत्रे, छायाचित्रे व इतर कागद २०१२ च्या जुलैमध्ये लंडनला सोदबीज या पेढीत लिलावास निघणार होते. भारत सरकारने आधीच बोलणी करून सुमारे सात लाख पौंडांना तो सगळा संग्रह घेतला आणि तो दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवला.

त्याआधी २००७ मध्ये लंडनलाच क्रिस्टीज पेढीच्या यादीत गांधीजींच्या हातचा एक मसुदा आला होता. हत्येच्या अवघ्या १९ दिवस आधी लिहिलेला, ‘हरिजन’च्या उर्दू आवृत्तीसंबंधीचा. तोही सरकारने लिलावातून मागे घ्यायला लावून मिळवला. काय लिहिले, कोणाला लिहिले आणि कोणत्या घडीला लिहिले, या तीन गोष्टींवर किंमत ठरते. अमेरिकेतही हाच हिशेब आहे. लिंकन यांनी सही केलेली लष्करी नेमणूकपत्रे बाजारात पुष्कळ आहेत. पण गुलाम मुलांना मुक्त करा, अशी विनंती करणाऱ्या १९५ मुलांच्या अर्जाला त्यांनी १८६४ साली दिलेले उत्तर २००८ मध्ये ३४ लाख डॉलरला गेले.

यादी वाचताना पत्र संपूर्ण स्वहस्ते लिहिलेले आहे, की टंकलिखित असून खाली फक्त सही आहे, की मजकूर चिटणिसाच्या हातचा आहे, हे आधी पाहावे. पहिल्या प्रकाराला ए.एल.एस. आणि दुसऱ्याला टी.एल.एस. अशी अक्षरे लावतात. गांधीजींच्या बाबतीत एक अडचण आणखी आहे. उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत. १९०९ साली बोटीवर लिहिलेल्या ‘हिंद स्वराज’च्या हस्तलिखिताची काही पाने डाव्या हाताचीच आहेत. त्यामुळे अक्षर वेगळे दिसले म्हणून कागद लगेच खोटा ठरत नाही. अर्थात हीच सबब पुढे करून खोटा कागदही खपवला जातो.

मुंबईतील एका दुकानात आम्हाला एका मोठ्या पुढाऱ्याचे ‘सहीचे’ छायाचित्र दाखवण्यात आले. चौकट सुरेख होती आणि भावही आम्ही जवळजवळ ठरवलाच होता. सोबतच्या मित्राने खिशातून भिंग काढले, तर सही बारीक ठिपक्यांची निघाली. म्हणजे छापलेली. शाई कागदाच्या तंतूंत उतरते, ती तशी दिसत नाही. त्या दिवसापासून भिंग आमच्याही खिशात असते. अमेरिकेत तर सही करणारी यंत्रेच निघाली आणि केनेडींच्या काळापासूनच्या सह्यांत त्यांचा मोठा गोंधळ आहे. तिथल्याच मार्क हॉफमनने बनवलेल्या जुन्या कागदपत्रांनी भल्या भल्या जाणकारांना चकवले. १९८५ साली प्रकरण उघडे पडू नये म्हणून त्याने बाँबने दोन जीव घेतले. तेव्हा विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारावा : हा कागद तुमच्याकडे आला कोठून? मूळ पत्र ज्याला आले, त्याच्या घरापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतची साखळी लेखी मिळाली पाहिजे. अक्षर जुळवून पाहण्यासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर अस्सल कागद पाहता येतात.

आता पैशाकडे वळू. हातोडी पडते ती रक्कम अंतिम नसते. समजा एक लाखाला बोली तुटली आणि पेढीचा प्रीमियम २० टक्के असला, तर पत्र १,२०,००० ला पडले. कर, विमा, पाठवणी निराळी. तेच पत्र पुढे विकताना पेढीने १० टक्के दलाली घेतली, तर हातोडी १,३३,००० च्या पुढे गेल्यावरच मुद्दल सुटेल. वर्षभरात नफा सांगणाऱ्याला हे गणित मांडून दाखवावे. शिवाय पत्र विकत घेतले म्हणून त्यातील मजकूर छापण्याचा हक्क मिळत नाही, तो लेखकाकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतो.

ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या पेटीत अशी पत्रे पडून आहेत, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत, लॅमिनेट तर मुळीच करू नयेत. तिकिटासाठी पाकीट कापू नये. टपालाचा शिक्का हा तारखेचा पुरावा असतो.

कायद्याकडे मात्र अनेकांचे दुर्लक्ष होते. पुरावस्तू व कलासंपत्ती अधिनियम, १९७२ प्रमाणे ऐतिहासिक मूल्य असलेला, ७५ वर्षे पूर्ण झालेला कागद पुरावस्तू ठरतो. गांधीजींचे अखेरचे पत्रसुद्धा जानेवारी २०२३ मध्ये या मर्यादेत आले. अशा वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. दुबईतील भावाला भेट म्हणून एखादे पोस्टकार्ड बॅगेतून पाठवले, तरी ती निर्यातच ठरते. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.