माळ्यावरच्या कॅसेट मोबाइलवर आणायला किती खर्च येतो?

कोल्हापुरात गाण्याचं वेड असलेल्या घरात माळ्यावर कॅसेटचा एखादा डबा निघतोच. रेडिओवरून टेप केलेलं नाट्यसंगीत, कुणाच्या वाड्यातल्या बैठकीतला ख्याल. हे मोबाइलवर आणायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, अ‍ॅप कुठलं विकत घ्यायचं? कुठलंच नको. व्हीएलसी आणि फूबार २००० हे दोन्ही प्लेअर कॉम्प्युटरवर आणि फोनवर फुकट मिळतात. कॅसेट उतरवून घ्यायला ऑडॅसिटी, तेही फुकट.

प्लेअर पारखताना मी तीन गोष्टी बघतो. फ्लॅक आणि ओपस या फाइली वाजतात का? हे खुले फॉरमॅट आहेत, त्यांना कुणाचा परवाना लागत नाही. एक प्लेअर बंद पडला तर दुसऱ्यात उघडतात. दुसरं, रागाचं नाव देवनागरीत नीट दिसतं का, की नुसती प्रश्नचिन्हं? तिसरं, दोन फाइलींच्या मध्ये खंड पडतो का? ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. केसरबाई केरकरांची १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून गेलेली भैरवीसुद्धा तेवढीच आहे. साठ मिनिटांच्या कॅसेटवर एका बाजूला अर्धा तास आला, पण मोठा राग तरीही दोन बाजूंत तुटला. ते दोन तुकडे सलग ऐकायचे तर माझी पसंती फूबारला.

खर्च होतो तो पुढे. लॅपटॉपला लाइन-इन नसेल तर ते असलेलं यूएसबी साउंड कार्ड लागतं, साधारण हजार-दोन हजारांपासून. नुसत्या माइकच्या भोकात वायर खुपसू नका, आवाज फाटतो. तासाभराचं रेकॉर्डिंग सीडीच्या दर्जानं ६३५ एमबी होतं. फ्लॅकमध्ये आवाजातलं काहीही न गमावता साधारण निम्मं. म्हणजे शंभर तास ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर बसतात. फोनसाठी ओपसची प्रत काढा; ९६ केबीपीएसला तासाला ४३ एमबी पुरतात. खरी किंमत वेळेची आहे. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो, त्यात सवलत नाही.

एक चूक मला महागात पडली. वीसेक कॅसेट एका दुकानात देऊन मी एमपी३ करून घेतल्या. फाइली इतक्या दाबलेल्या, की तानपुरा पाण्याखाली वाजतोय असं वाटतं. पुन्हा करून घ्यायच्या म्हटलं, तोवर मूळ फितींना बुरशी लागली होती. त्या एमपी३चं आता फ्लॅक केलं तरी गेलेला आवाज परत येत नाही, फाइल तेवढी फुगते. म्हणून दुकानात काम दिलंत तर फ्लॅकच मागा, आणि कॅसेट परत घ्या.

दुसऱ्या प्रतीच्या पेनड्राइव्हचे पैसेही आधीच धरा. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिलेत. ती प्रत पुराचं पाणी पोचत नाही अशा भागातल्या नातेवाइकांकडे ठेवा. आणि सुरुवात बाजारात मिळणाऱ्या कॅसेटपासून करू नका. घरात टेप केलेली, जगात एकच असलेली कॅसेट आधी घ्या.