बर्फाखालची हद्द

मोत्याच्या उजव्या पुढच्या पायावर चार बोटं लांबीचा एक पट्टा आहे, तिथं केस पुन्हा उगवले नाहीत. माझ्या डाव्या मनगटावर त्याच्या दातांच्या दोन खुणा आहेत. दोन्ही एकाच दुपारच्या. व्हरमाँटमध्ये मागं रान असलेलं घर घेतलेल्या दोन मराठी कुटुंबांनी गेल्या काही महिन्यांत मला एकच प्रश्न विचारला : हिवाळ्यात झाडांवर पानं नसतात, लांबवर दिसतं, तर हद्दीच्या खुणा शोधायला तेव्हाच जावं का? त्यांना फोनवर जे सांगितलं, ते सगळं इथं लिहून ठेवते.

आमच्या घरामागं बावीस एकर रान आहे. पूर्व आणि दक्षिण बाजूंना दगडी कुंपणं आहेत. भर जंगलात गुडघाभर उंचीची दगडांची रांग बघून सुरुवातीला नवल वाटायचं. रानात कोण कशाला कुंपण घालेल? पण ते तेव्हा रान नव्हतंच. १८११ मध्ये स्पेनमधून मेरिनो मेंढ्या व्हरमाँटात आल्या आणि लोकरीपायी डोंगरच्या डोंगर उघडे करून चराऊ कुरणं झाली. १८४० च्या सुमारास या एवढ्याशा राज्यात सोळा लाखांहून जास्त मेंढ्या होत्या. पुढं लोकरीचा भाव पडला, माणसं पश्चिमेकडं निघून गेली आणि झाडं परत आली. आज राज्याचा तीन चतुर्थांश भाग जंगल आहे आणि त्याच्या पोटात जुनी शेतं, जुनी कुंपणं, घरांचे पाये, विहिरी तशाच पडून आहेत. हे डोक्यात पक्कं ठेवून मगच त्या रानात पाऊल टाकावं. ते कुणाचं तरी सोडलेलं शिवार आहे, आणि सोडलेल्या शिवारात काय काय राहून जातं ते आपल्या गावाकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पश्चिमेला मात्र कुंपण नव्हतं. खरेदीखतात एकच ओळ होती : ओढ्याकाठच्या दगडांच्या ढिगापासून उत्तर १० अंश पूर्व, ८० रॉड, दगडांच्या दुसऱ्या ढिगापर्यंत. रॉड म्हणजे साडेसोळा फूट. चार रॉडांची एक गंटर साखळी, ६६ फुटांची, एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञानं १६२० मध्ये आखून दिलेली. आपल्याकडच्या मोजणीत त्याच्या निम्म्या, ३३ फुटांच्या साखळीची चाल होती. ३३ गुणिले ३३ फूट म्हणजे आपला गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. ती ओळ वाचताना मला एकदम कोरेगाव तालुक्यातलं आमचं शेत आठवलं आणि आण्णा आठवले.

हे इथं सांगायलाच हवं, कारण माझी चूक तिथून निघाली. भावकीतल्या शेजाऱ्यानं बांध कोरला म्हणून आण्णा नऊ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढले. दीड फुटासाठी. माझं सगळं बालपण मोजणीची तारीख, टिपण, पंचनामा, तारीख पुढं ढकलली, या शब्दांत गेलं. शेजारी म्हणजे संधी मिळाली की बांध कोरणारा, हे माझ्या मनात इतकं खोल बसलेलं होतं की पश्चिमेच्या शेजाऱ्याला, सत्तरीच्या एका शांत माणसाला, ‘आपली हद्द कुठून जाते हो?’ हे विचारायचं मला सुचलंच नाही. आधी आपण गुपचूप आपली हद्द शोधायची, पुरावा हातात घ्यायचा, मगच तोंड उघडायचं, असं मी ठरवलं होतं.

म्हणून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, नवरा कामासाठी गावाला गेलेला असताना, उणे बारा अंशांत, दुपारी दीड वाजता मी मोत्याला घेऊन निघाले. नवऱ्याला एवढाच निरोप पाठवला : जरा मागं जाऊन येते. मागं म्हणजे कुठं, किती वाजेपर्यंत, काहीच नाही. त्या दिवशीच्या सगळ्या चुकांत ही मी पहिली धरते. कुठल्या बाजूनं जाणार, कधी परतणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, हे तीन शब्दांत लिहून ठेवायला अर्धं मिनिट लागतं.

ओढ्याकाठचा ढीग मी शरद ऋतूत पाहून ठेवला होता. तिथं उभी राहिले, होकायंत्रावर दहा अंश पूर्व लावले आणि नाकासमोर चालू लागले. दर पन्नास पावलांवर गुलाबी फीत बांधत होते. मोत्या मोकळा होता.

आता होकायंत्राबद्दल. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडं बोट दाखवत नाही, चुंबकीय उत्तरेकडं दाखवते, आणि ती उत्तर वर्षांगणिक सरकत राहते. आमच्या खताचा मूळ दाखला १८३० च्या दशकातला. तेव्हाची सुई आणि आजची सुई यांत आमच्या भागात पाच-सहा अंशांचा फरक पडला आहे, पश्चिमेकडं. जुन्या खतातले अंश आजच्या होकायंत्रावर जसेच्या तसे लावले तर १३२० फुटांच्या शेवटी माणूस सव्वाशे फुटांच्या आसपास चुकतो. मी भूगोलात हे शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं, पण रानात ते आठवलं नाही. जुन्या वर्षांच्या सुईचा फरक काढून देणारी गणकं अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. ती घरी बसून वापरायची असतात, बर्फात उभं राहून नव्हे.

साधारण निम्म्या वाटेवर मला झाडांना बांधलेल्या निळ्या नळ्या दिसल्या. मेपलच्या रसाच्या. या भागात झाडाला भोक पाडून रस काढतात, नळ्यांनी खाली आणतात आणि आटवतात. चाळीस भाग रस आटला की जेमतेम एक भाग पाक मिळतो, आपल्या काकवीसारखा. नळ्या शेजाऱ्याच्या होत्या आणि माझ्या फितींच्या पूर्वेलाही गेलेल्या होत्या. म्हणजे माझ्या जमिनीत. अंगातला सगळा कोरेगाव जागा झाला. मी एकेका झाडाचे फोटो काढले, झाडं मोजली, पुरावा म्हणून फोन सारखा बाहेर काढत राहिले. थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते. फोन आतल्या कपड्यांत, अंगाच्या उबेला ठेवायचा असतो. माझा बाहेरच्या खिशात होता आणि चाळीस फोटोंनंतर तो बंद पडला. रागात असल्यामुळं त्याचंही मला काही वाटलं नाही.

तेवढ्यात मोत्या कशाच्या तरी वासावर पूर्वेला धावला आणि किंचाळला.

बर्फाखाली काटेरी तार होती. १८७४ नंतर ही तार अमेरिकेत स्वस्त झाली आणि शेतकऱ्यांनी दगडी कुंपणांच्या जोडीला ती झाडांनाच ठोकली. झाडं जाडीला वाढत गेली आणि तार गिळत गेली. उंची मात्र शेंड्याकडं वाढते, त्यामुळं तार जिथं ठोकली त्याच उंचीवर आजही खोडात असते. दोन झाडांमधली तार तुटून, लोंबून, जमिनीवर वेटोळी होऊन पडते. गुडघाभर बर्फाखाली ती दिसण्याची काही सोय नाही. मोत्याचा पाय त्या वेटोळ्यात गेला होता, आणि तो ओढत होता, आणि तार आणखी आत जात होती.

मी धावत जाऊन त्याला धरलं आणि त्यानं मला कडकडून चावलं. आठ वर्षांत त्यानं कुणावर दातही विचकले नव्हते. वेदनेत कुत्रा आपला-परका ओळखत नाही. ओढणीनं, पट्ट्यानं, हाताला येईल त्यानं आधी त्याचं तोंड हळुवार बांधायचं, मग पायाला हात लावायचा. श्वास लागला असेल किंवा उलटी होत असेल तर मात्र तोंड बांधू नये. तार सुटली तेव्हा रक्त येत होतं. मी दर थोड्या वेळानं कापड उचलून बघत होते, थांबलं का म्हणून, आणि तेच चुकत होतं. जखमेवर घट्ट दाबून सलग काही मिनिटं बघायचंसुद्धा नाही. कापड भिजलं तर वरून दुसरं ठेवायचं, पहिलं काढायचं नाही. हे सगळं मला नंतर जनावरांच्या डॉक्टरांनी शिकवलं. माझ्याजवळ मफलर होता आणि नशिबानं एक पावसाळी पोंचो होता. कात्री, चिकटपट्टी, तार तोडायची पक्कड, यांतलं काही नव्हतं. हातमोजे काढलेले असल्यामुळं पाचच मिनिटांत बोटांना गाठ मारता येईना. थंडी आधी बोटं घेते आणि मग विचार. मला उत्तर कुठं, घर कुठं, हे दोन्ही नीट ठरवता येईना, आणि बर्फ पडायला लागला होता. माझीच पावलं बुजत चालली होती.

सत्तावीस किलोचा कुत्रा गुडघाभर बर्फातून उचलून नेता येत नाही. मी पन्नास पावलं नेला आणि दोघंही पडलो. मग पोंचोवर झोपवून ओढलं. ओढायचं कुठं, तर ज्या नळ्यांचे मी फोटो काढले होते त्यांच्याकडं. रस उताराच्या जोरावर वाहतो, त्यामुळं बारीक नळ्या जाड नळीला मिळतात आणि जाड नळी खाली टाकीशी जाते. टाकीशी माणूस असतो. मी ती निळी नळी एका हातानं चाचपत, दुसऱ्या हातानं पोंचो ओढत उतरले. अंधार पडला होता. खाली शेजाऱ्याच्या गुऱ्हाळात दिवा होता. तिथं त्याला गुऱ्हाळ म्हणत नाहीत, पण मला दुसरा शब्द सुचत नाही : तीच भट्टी, तीच रुंद कढई, तोच छपरातून वाफ जायचा झरोका.

त्यानं काही विचारलं नाही. मोत्याला गाडीत घातलं आणि तासाभराच्या अंतरावरच्या दवाखान्यात आम्हाला घेऊन गेला. चौदा टाके पडले. परतताना मीच सांगितलं, मी रानात कशासाठी गेले होते ते. नळ्यांबद्दलही. तो गाडी चालवत म्हणाला, “बर्फ वितळू द्या. पानं फुटायच्या आत जाऊ. तोवर गावच्या कार्यालयात बघून या.”

व्हरमाँटमध्ये जमिनीचे दस्त तालुक्याला किंवा जिल्ह्याला नसतात, गावाच्या क्लार्ककडं असतात, आणि कुणीही जाऊन बघू शकतं. मी मार्चभर तिथं बसले. आपलं खत बघून भागत नाही. शेजाऱ्याचं खत, त्याच्या आधीच्याचं, त्याच्याही आधीच्याचं, असं मागं मागं जावं लागतं. माझ्या खतात गळलेली एक ओळ मला शेजाऱ्याच्या १९०० च्या आसपासच्या खतात सापडली : हद्द ‘तारेच्या कुंपणानं’ जाते.

एप्रिलच्या शेवटी आम्ही गेलो. बर्फ गेलेला, पालवी यायची होती. खुणा शोधायला हाच काळ, किंवा मग पानगळीनंतरचे ऑक्टोबरातले दिवस. नोव्हेंबरच्या मध्यापासून सोळा दिवस बंदुकीनं हरणांची शिकार चालते, तेव्हा जाऊच नये. आणि त्याच्या आगेमागेही माणसानं आणि कुत्र्यानं भडक नारिंगी घालावं. बर्फ बोटभर असेल तर दगडी कुंपण पांढऱ्या रेघेसारखं छान उठून दिसतं, एवढाच काय तो हिवाळ्याचा उपयोग. गुडघाभर बर्फात ढीग, लोखंडी सळई, दगडातलं छिद्र, यांतलं काही हाती लागत नाही. विहिरीचं उघडं तोंड मात्र पायाखाली येऊ शकतं. कुत्र्याला लांब दोरीवर ठेवावं, मोकळं सोडू नये. हिवाळ्यात हरणं हेमलॉकच्या दाट सावलीत अंगातली चरबी पुरवत उभी असतात, त्यांना एकदा पळवलं तरी ती वसंतापर्यंत तगतील याची खात्री नाही. पाण्याकाठी बीव्हरसाठी लावलेले सापळे मार्चअखेरपर्यंत असतात. आणि बर्फाळ तळ्यावर कुत्रा गेला आणि बर्फ फुटला, तर त्याच्यामागं जाऊ नये. हे लिहितानाही माझ्या पोटात कालवतं, पण जाऊ नये.

आमच्याबरोबर परवानाधारक मोजणीदार होता. खर्च झाला, आणि तो करावाच, कारण आपण बांधलेली फीत ही हद्द नसते. माझ्या फितींवर विसंबून कुणी झाड तोडलं असतं तर कायद्यानं तिप्पटपर्यंत भरपाई द्यावी लागू शकली असती. मोजणीदारानं माझ्या फितींकडं बघून फक्त सुईचा फरक विचारला. मग तो पूर्वेला गेला आणि एका म्हाताऱ्या मेपलच्या खोडातून बाहेर आलेल्या तारेच्या टोकाशी थांबला. त्याच्या पुढच्या झाडातही तार होती, त्याच्याही पुढच्या. ती रांग धरून आम्ही उत्तरेला गेलो आणि शेवाळानं झाकलेल्या दगडांच्या ढिगाशी पोहोचलो. मोत्या दोरीवर होता. ज्या जागी तो अडकला होता, ती जागा बरोबर त्या रांगेत होती. शेजाऱ्याच्या सगळ्या नळ्या तिच्या पश्चिमेला, त्याच्याच बाजूला होत्या.

त्या दिवशी आम्ही दोघांनी जमिनीवर लोंबणारी सगळी तार पकडीनं तोडून गुंडाळून खाली आणली. खोडांत गेलेले तुकडे तसेच ठेवले, तोच पुरावा आहे.

रात्री आण्णांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, “किती साखळ्या भरली?”

“आपल्या चाळीस.”

“आणि तुझा तो शेजारी?”

“बरोबर होता,” मी म्हणाले.

आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मोत्याचा पाय कसा आहे ते विचारलं.