उरलेले आय ड्रॉप्स कुत्र्याला नकोत

प्रश्न : आमच्या शिह त्झूचे केस डोळ्यांवर येतात. पार्लरमध्ये तो थरथरतो, म्हणून घरीच कापावेत असं वाटतं. पण चुकून डोळ्याला लागलं तर? घरातले आय ड्रॉप्स चालतील का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ड्रॉप्सचं आधी सांगतो. उरलेली बाटली वापरू नका, माणसाची नाही आणि मागे कुत्र्यालाच दिलेलीही नाही. लाल डोळ्यासाठीच्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये स्टिरॉइड असतं. लाली उतरते, आपण निर्धास्त होतो आणि आतली जखम मात्र भरायची थांबते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड. जखम खोल गेली तर तो फुटूही शकतो. म्हणून पशुवैद्य आधी नारिंगी रंगाची पट्टी डोळ्याला लावतात. निळ्या प्रकाशात जखमेची जागा हिरवी चमकते, मगच औषध ठरतं. वरवरची जखम असेल तर साधारण आठवड्यात भरते.

आता कात्री. गोल टोकाचीच घ्या. केस कंगव्याने उचला, कंगवा डोळा आणि कात्रीच्या मध्ये राहू द्या आणि टोक डोळ्याकडे कधीच नको. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हनुवटीखाली हात देऊन तोंड स्थिर धरावं. चुळबुळ करतो म्हणून मानगूट मात्र आवळू नका. शिह त्झू, पग यांच्या डोळ्यांची खोबण इतकी उथळ असते की मानेवर जोर पडला तर डोळाच बाहेर येऊ शकतो. तसं झालंच तर तो आत ढकलू नका. सलाइनमध्ये भिजवलेलं स्वच्छ फडकं वर ठेवून तडक दवाखाना गाठा. कात्री चालवायचं धाडस नसेल तर सरळ शेंडी बांधा. सोसायटीतली मुलं हसतील, हसू द्यात. रबर फक्त घट्ट नको.

शाम्पू डोळ्यात गेला, विशेषतः त्वचारोगासाठीचा औषधी, तर दहा-पंधरा मिनिटं सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने धुवा. त्यानंतरही तो डोळा मिटून घेत असेल, पाणी गळत असेल, पंजाने चोळत असेल किंवा बुबुळावर निळसर पांढरी छटा दिसली, तर त्याच दिवशी दाखवा. तोवर गळ्यात कोन घाला. चोळून चोळूनच निम्मं नुकसान होतं.

आणि डोळ्याला काही झालं म्हणून पार्लरवाल्याला दोष देण्याआधी फिरायला कुठे नेता ते आठवा. पावसाळा सरला की वेताळ टेकडीवरचं गवत वाळतं आणि त्याची कुसळं केसांत अडकतात. एखादं तिसऱ्या पापणीमागे सरकलं तर बाहेरून दिसतही नाही. डोळा बधिर करून, पापणी उचलून ते काढावं लागतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात टेकडीवरून आलात की विंचरताना डोळ्यांभोवती आधी पाहा. केसांतलं कुसळ खुशाल काढा, डोळ्यात रुतलेल्याला घरचा चिमटा लावू नका.