दुखणं किती आणे?

मेझरमेंट्सच्या लॅबमध्ये आपण व्होल्टेज, दाब, तापमान सगळं मोजतो. पण ऑपरेशननंतर पेशंटला किती दुखतंय हे दाखवणारं मीटर अजून नाही. इथे सेन्सर म्हणजे पेशंट स्वतःच! त्याच्याकडून रीडिंग घ्यायच्या मुख्य पद्धती अशा :

१) रेघ (व्हिज्युअल ॲनालॉग स्केल) : १०० मिलिमीटरची रेघ. एका टोकाला 'अजिबात दुखत नाही', दुसऱ्या टोकाला 'याहून जास्त दुखूच शकत नाही'. पेशंट खूण करतो, नर्स पट्टीने मोजते. रिझोल्यूशन उत्तम, पण भुलीच्या गुंगीत किंवा चष्म्याशिवाय जमत नाही.

२) आकडा : ० ते १० मधला एक. तोंडी सांगता येतो, म्हणून वॉर्डात सोयीचा.

३) शब्द : नाही, थोडं, मध्यम, खूप. म्हाताऱ्या माणसांना सोपं. पण पायऱ्या चारच, त्यामुळे लहान फरक दिसत नाही.

४) चेहरे (वाँग-बेकर) : हसऱ्यापासून रडक्यापर्यंत ६ चित्रं, साधारण ३ वर्षांपुढच्या मुलांसाठी. मात्र घाबरलेलं मूलही रडका चेहरा दाखवू शकतं.

५) फ्लॅक : बोलता न येणाऱ्या बाळांसाठी, १९९७ सालची. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि शांत होणं, प्रत्येकाला ० ते २ गुण.

यातली कुठलीच पट्टी थर्मामीटरसारखी नाही. ८ म्हणजे ४ च्या दुप्पट दुखणं नव्हे. माझे ६ आणि तुमचे ६ सारखे असतीलच असं नाही. तुलना करायची ती त्याच पेशंटची, औषधाच्या आधी आणि नंतर.

आमच्या मोरा कोळीवाड्यातली माझी आजी शाळेत गेलेली नाही. हर्नियाच्या ऑपरेशननंतर नर्सने विचारलं, "आजी, शून्य ते दहात किती?" आजी म्हणाली, "बरं हाय." पेपरवर ० पडला. संध्याकाळी डॉक्टरांनी वेगळं विचारलं, "काल रुपयाभर दुखत होतं, तर आज किती?" आजी लगेच म्हणाली, "बारा आणे हाय अजून." मग औषध वाढवलं.

आणे १९५७ मध्ये दशमान नाणी आली तेव्हाच मागे पडले, पण हिशोब पक्का आहे. १६ पैकी १२, म्हणजे फक्त २५ टक्के आराम. संशोधनात साधारण ३० टक्के उतार पेशंटला जाणवण्याइतका मानतात, ५० टक्के म्हणजे चांगला. आजीला निदान आठ आणे उतार हवा होता!

हे मोजणं कशाला? पोटाच्या ऑपरेशननंतर दुखतं म्हणून पेशंट खोकत नाही, खोल श्वास घेत नाही. मग कफ साठतो आणि न्यूमोनियाची भीती असते. म्हणून कधी घरच्या माणसापाशी हॉस्पिटलात रात्री थांबलात तर दोनदा विचारा : पडून असताना किती, आणि खोकताना किती? उत्तर वेळेसकट लिहून ठेवा आणि पट्टी मध्येच बदलू नका. मग ती आकड्यांची असो, चेहऱ्यांची असो की आण्यांची!