कुसैरच्या गोदामातील चिठ्ठ्या

इजिप्तच्या तांबड्या समुद्रकाठी कुसैर नावाचे गाव आहे. त्याच्या उत्तरेस सुमारे ८ कि.मी.वर जुन्या बंदराचे अवशेष आहेत. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७८ ते १९८२ या काळात तेथे खोदकाम केले. तेव्हा एका घरात अरबी कागदांचे पुष्कळ तुकडे मिळाले. घर शेख अबू मुफर्रिज या व्यापाऱ्याचे, सोबत मुलगा इब्राहीम. काळ १३व्या शतकाचा आरंभ, म्हणजे अय्यूबी राजवटीचा. ली गुओ या अभ्यासकाने त्यांपैकी ८४ कागद वाचून २००४ साली प्रसिद्ध केले.

व्यापारी बंधूंनी हे कागद मुद्दाम समजून घ्यावेत. ही शाही फर्माने नव्हेत. आपल्या पेढीवर असतात तसल्याच या चिठ्ठ्या आहेत: इतके इर्दब गहू, इतके पीठ, अमक्याच्या हस्ते, अबू मुफर्रिज यांच्या गोदामात जमा करावे. इर्दब हे तिकडचे धान्याचे माप.

तांबड्या समुद्राची तिजारत म्हटली की आपल्याला मिरी-मसाले आठवतात. या चिठ्ठ्यांत मात्र धान्य आणि पीठच अधिक. नाईलकाठचा माल उंटांवरून वाळवंट ओलांडून या बंदरात येई. समुद्रापलीकडे हिजाज, तिथे शेती थोडी, त्यामुळे मक्का-मदिनेला इजिप्तच्या धान्याचा मोठा आधार असे. इतिहासाच्या पुस्तकांत सुलतानांच्या लढाया भरपूर वाचायला मिळतात, पण बंदरावर पिठाची पोती कोणी उतरवून घेतली हे अशा चिठ्ठीवाचून कळत नाही.

आम्हा कापडवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. त्याच जागी हिंदुस्थानी सुती कापडाच्या चिंध्या मिळाल्या, ठशांनी छापलेल्या आणि रंग रोखून निळीत बुडवलेल्या. हा माल पश्चिम हिंदुस्थानातला, मुख्यतः गुजरातचा मानतात.

वाचन सोपे नव्हते. लिहिणाऱ्यांनी घाईत नुक्ते गाळलेले आहेत. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले लोक जाणतो की नुक्त्याशिवाय 'बे', 'ते' आणि 'से' एकच दिसतात. त्यात एका बाजूची चिठ्ठी संपली की मागच्या कोऱ्या बाजूवर दुसराच मजकूर. म्हणजे त्या काळी या कागदांची किंमत रद्दीपेक्षा जास्त नव्हती. ते टिकले ते कोरड्या वाळूमुळे.

आपल्या कोकणात तशी वाळू नाही. चौल, दाभोळहून अरबस्तानला जहाजे जात. नाखुदांच्या घरी हिशेबाच्या वह्या असतील, तर त्यांना चार महिने पाऊस आणि बारा महिने वाळवी. घराची वाटणी झाली की भांडी मोजून घेतात, गाठोडे रद्दीवाल्याला जाते. असे गाठोडे हाती आले तर प्रथम सावलीत वाळवावे, ज्या क्रमाने बांधले आहे तो क्रम मोडू नये, प्रत्येक पानाचा फोटो घ्यावा. मोडी, उर्दू, गुजराती, जी लिपी असेल तिचा जाणकार शोधावा. फाटक्या जागी चिकटपट्टी लावू नये आणि पुसट अक्षरांवर पेन तर मुळीच फिरवू नये.