टाका आणि कात्री

आम्ही घरी नातवाचा सदरा शिवायला घेतला. कापड मोजकेच होते.

कोरे सुती कापड धुतल्यावर आटते. आम्ही ते तसेच बेतायला बसलो होतो! वेळीच आठवले. मग ते भिजवले, वाळवले.

पुढे एक बाही उलटी लागली. ती उसवली, पुन्हा जोडली.

तिसरी चूक मात्र भारी पडली. माप तोंडीच धरले होते. कापताना शिवणीसाठी बोटभर माया सोडायची राहिली. सदरा आवळ झाला. दोन्ही बगलांखाली पट्ट्या जोडाव्या लागल्या.

टाका उसवता येतो. कात्री एकदा चालली, की चालली. म्हणून माप दोनदा घ्यावे, कागदावर लिहावे, माया धरावी, मगच कापावे.

आता तुम्हालाही आकडे लिहिता येतात. मग माप तोंडी का धरायचे?