देवमाणूस म्हणणारे आपणच
॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी आरतीनंतर प्रसाद वाटता वाटता जो विषय निघाला, तो रात्री साडेदहापर्यंत संपला नाही. शेवटी काकूंनी दिवे घालवायला घेतले तेव्हा आपण उठलो. विषय सगळ्यांना माहीत आहे. चार वर्षांपूर्वी गाणगापूरच्या यात्रेसाठी आपल्यातल्या अकरा घरांनी ज्यांच्या हातात पैसे दिले आणि जे नंतर उज्जैनमधूनच दिसेनासे झाले, ते गृहस्थ या चातुर्मासात परत आलेत. तीन गुरुवार शेवटच्या ओळीत येऊन बसले, कुणाशी बोलले नाहीत. आता त्यांनी निरोप पाठवलाय की मला परत सत्संगात घ्या. काही जण म्हणाले, वाल्याचा वाल्मीकी होतो, मग आपण कोण नाही म्हणणारे? काही भगिनी म्हणाल्या, ते आले तर आम्ही येणार नाही. त्यांचंही चुकीचं नाही. म्हणून या आठवड्याचा अभ्यासपाठ यावरच घेतोय.

सुरुवात जरा वेगळ्या ठिकाणाहून करू. "देवमाणूस" ही मालिका आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलीय, नाकारू नका. इथे उज्जैनमध्ये मुलं बाहेर हिंदी बोलतात, घरात मराठी टिकावी म्हणून आपण झी मराठी लावून ठेवतो आणि मग रात्रीच्या मालिकेला आजी-नातू दोघंही जागे! २०२० च्या ऑगस्टअखेर ती सुरू झाली. किरण गायकवाड यांनी केलेला तो डॉक्टर अजितकुमार देव: मृदू बोलणारा, म्हाताऱ्यांच्या पाया पडणारा, रात्री-अपरात्री धावून येणारा. सगळं गाव त्याला देवमाणूस म्हणतं आणि तो त्याच गावातल्या माणसांचे जीव घेतो. २०१६ साली सातारा जिल्ह्यात वाईजवळ धोमला जे प्रकरण उघडकीस आलं, त्यावरून ही गोष्ट सुचली हे तेव्हाच सर्वांनी ओळखलं होतं.

मालिका म्हणून ती कशी होती हे बाजूला ठेवू (आमच्या मते फारच ताणली). पण साधकाने तिच्यात एक गोष्ट बघायची आहे. त्या डॉक्टरने स्वतःला देव म्हणवून घेतलं नाही. ती पदवी गावाने दिली. का दिली? तर तो गोड बोलायचा, अडीनडीला यायचा, आणि त्याला प्रश्न विचारणं लोकांना अवघड वाटायचं. डिग्री कुणी बघितली? माणूस कुठून आला हे कुणी विचारलं? ज्यांना शंका आली, त्यांना गावानेच गप्प केलं.

आता आपल्याकडे बघू. त्या गृहस्थांना आपण काय म्हणत होतो? "किती भाव आहे हो यांच्यात!" भजन उत्तम म्हणायचे, गुरुपौर्णिमेला पहाटे चारला येऊन मांडव झाडायचे. या भरवशावर आपण पैसे दिले आणि पावतीसुद्धा मागितली नाही. मागायची लाज वाटली. एका ताईंनी तेव्हा विचारलं होतं की तिकिटं काढलीत तर दाखवा. त्यांना आपल्यातल्याच कुणीतरी म्हटलं, "श्रद्धा कमी पडतेय तुमची." ते वाक्य चुकीचं होतं. ज्यांनी म्हटलं त्यांनाही हे पटलंय.

समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षण आणि शिष्यलक्षण असे दोन समास लागोपाठ लिहिले आहेत. चमत्कार, चेटकं, लोकांना भुलवणं यांना ते सद्गुरूचं लक्षण मानत नाहीत. म्हणजे पारखणं हे श्रद्धेच्या विरुद्ध नाही, ते श्रद्धेच्या आधीचं काम आहे. आपण महाराजांकडे आलो तेव्हा आपल्याला कुणी प्रश्न विचारू नका असं सांगितलं नव्हतं. मग हिशेबाच्या वहीला प्रश्न विचारताना जीभ का अडखळली?

हा झाला आपला दोष. आता त्यांचा.

देवमाणसाच्या गोष्टीत एक गोष्ट कधीच घडत नाही: तो कबूल करत नाही. पकडला जातो, सुटतो, पुन्हा येतो. पहिलं पर्व २०२१ मध्ये संपलं, त्याच डिसेंबरात दुसरं आलं, पुढे २०२५ मध्ये "मधला अध्याय"ही आला. खरा पश्चात्ताप झाला असता तर मालिका तिथेच थांबली असती, आणि वाहिनीला ते कसं परवडणार?

खऱ्या आयुष्यातलं उदाहरण तर आपल्या दारातलंच आहे. ९ जुलै २०२० ची सकाळ आठवा. त्याआधी आठवड्याभरापूर्वी कानपूरजवळ बिकरू गावात आठ पोलिसांची हत्या झाली होती, आणि त्यातला मुख्य आरोपी विकास दुबे आपल्या महाकाल मंदिरात पकडला गेला. दुसऱ्याच दिवशी कानपूरच्या वाटेवर तो पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. बरोबर की चूक, ते चौकशी करणाऱ्यांनी बघावं. आपल्याला आठवतंय ते एवढंच की त्या दिवशी घरोघरी एकच प्रश्न होता: तो महाकालाकडे शरण आला होता की फक्त लपायला? आत काय होतं ते महाकालालाच ठाऊक. पण देवळाच्या उंबऱ्याशी पोचणं म्हणजे शरण जाणं नव्हे, हे त्या दिवशी आपण सगळेच बोललो होतो.

मग शरण जाणं म्हणजे काय? आपल्या शास्त्रांनी हे मोघम ठेवलेलं नाही. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्तावर सविस्तर लिहिलंय. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याचे मार्ग सांगताना पहिला शब्द येतो तो "ख्यापन", म्हणजे आपलं पाप उघड सांगणं. त्यानंतर अनुताप, तप, अध्ययन. आणि चोरीच्या बाबतीत, चोरलेली वस्तू ज्याची त्याला परत करून मगच व्रत करायचं आहे. म्हणजे उपास, जप, क्षिप्रेचं स्नान हे सगळं पैसे परत केल्यानंतर. सिंहस्थ २०२८ मध्ये येतोय, तेव्हा रामघाटावर बुडी मारून सगळं धुऊन निघेल असं कुणी धरून चालू नये.

ब्रह्महत्येचं प्रायश्चित्त तर याहून कडक. बारा वर्षं हातात कवटी घेऊन, आपण काय केलं ते लोकांना सांगत भिक्षा मागायची. हे वाचताना आपल्याला कोण आठवतं? काळभैरव! ब्रह्मदेवाचं पाचवं शिर छेदलं, ते कपाळ हाताला चिकटलं, आणि ते तसंच घेऊन भैरव भटकले. काशीला कपालमोचनावर ते सुटलं. म्हणजे प्रत्यक्ष शिवाच्या अंशालासुद्धा कुणी "जाऊ दे, देवच आहे" म्हणून सोडलं नाही. आपण रविवारी भैरवगढला जातो, नैवेद्य दाखवतो, बाहेर येऊन चहा पितो. त्याच भैरवगढात सेंट्रल जेल आहे. पुढच्या वेळी जाताना दोन्हीकडे बघा.

वाल्या कोळ्याच्या गोष्टीतसुद्धा आपण मधलं गाळतो. जेजुरीजवळच्या वाल्ह्याला ही गोष्ट सांगतात तेव्हा खड्यांनी भरलेले सात रांजण हटकून येतात, एका खुनाला एक खडा. म्हणजे वाल्याकडे हिशेब होता! नारदांनी विचारलं, घरचे पापात वाटेकरी होतील का, तेव्हा तो घरी जाऊन विचारून आला, "नाही" हे उत्तर ऐकून आला. नामस्मरण सुरू झालं ते त्यानंतर. पुढे अंगावर वारूळ चढेपर्यंत तो एका जागी बसला. शेवटचं नाव घेताना मधली वर्षं वगळली की गोष्ट फार स्वस्त होते.

म्हणून मंगळवारी मंडळातले पाच जण त्या गृहस्थांना जाऊन भेटलो. रागावून नाही, चहा घेऊन बोललो. अकरा घरांची यादी आणि प्रत्येकाची रक्कम लिहून नेली होती. त्यांनी ती दोनदा वाचली. दोन घरांच्या रकमेपाशी थांबले, कारण त्यातल्या एक आजी मधल्या काळात गेल्या. म्हणाले, "मला हे माहीत नव्हतं." बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले की दर महिन्याला ठरावीक रक्कम देईन, आजींचे पैसे आधी, त्यांच्या सुनेच्या हातात. पहिला हप्ता खजिनदारांकडे आलाय, पावती दिलीय.

आणखी एक गोष्ट आम्ही मागितली, ती त्यांना जड गेली. या गुरुवारी सर्वांसमोर, काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. कारणं नकोत, परिस्थिती नको, नुसतं काय केलं ते. त्यांनी होकार दिलाय. येतील की नाही, आम्हालाही खात्री नाही.

ज्या भगिनींना त्या दिवशी यायचं नसेल त्यांनी येऊ नये, कुणी त्यांना क्षमेचा उपदेश करू नये. क्षमा करायची की नाही हे ज्याचं गेलं त्याने ठरवायचं, मंडळाने नाही. सत्संगात बसू द्यायचं का, एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते हप्ते पूर्ण होईपर्यंत शेवटच्या ओळीतच राहील. पैशाची कुठलीही सेवा त्यांच्याकडे पुन्हा दिली जाणार नाही. इथून पुढे कुणाकडेच पावतीशिवाय दिली जाणार नाही.

गुरुवारी येताना दासबोध आणा, पाचव्या दशकाचे दुसरा आणि तिसरा समास वाचू. आरती सव्वासातला. त्या ताईंना, ज्यांनी तिकिटं दाखवा म्हटलं होतं, वाचन त्यांनी करावं अशी विनंती केलीय. अजून हो म्हणाल्या नाहीत.

॥ जय गुरुदेव ॥